वाजणारा भोपळा

मैत्रिणींनो, होळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पुरणाचा घाट, मुलांच्या पिचकाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी रंगाने माखलेल्या कपड्यांचा ढीग! माझंही तसंच होतं. पण त्या वर्षी हे म्हणाले, "इतकी वर्षं नंदुरबारात काढली, काठीची होळी काही पाहिली नाही." मग पोळ्या डब्यात भरल्या, मुलांचे स्वेटर घेतले आणि निघालो.

काठी हे सातपुड्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. प्रकाशाला तापी ओलांडायची, तळोद्यावरून अक्कलकुव्याला जायचं आणि देवगोईचा घाट चढून मोलगीच्या बाजूला वळायचं. वाटेत पळस फुलला होता. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं! आमची धाकटी म्हणाली, "आई, झाडांनी आधीच होळी पेटवली."

काठीची होळी 'राजवाडी' म्हणून ओळखली जाते. उंचच उंच बांबू उभा करतात आणि पहाटे होळी पेटते. रात्रभर मोठमोठे ढोल घुमत असतात. नवस बोललेले पुरुष अंगावर पांढरी नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घालून नाचतात. त्यासाठी आधी काही दिवस पाळणी असते. जमिनीवर झोपायचं, व्रतासारखं राहायचं.

मला मात्र दिसत राहिले त्यांच्या कमरेचे वाळलेले भोपळे. घुंगरांच्या जोडीने ते खुळखुळत होते आणि माझ्या मनाला काहीतरी टोचत होतं.

सांगते. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. महिनाभरापूर्वी मुलांना घरून एक वस्तू करून आणायला सांगितलं होतं. कोणी चकचकीत मखर आणलं, कोणी झुंबर. बहुतेक सगळं दुकानातलं किंवा आईबापांच्या हातचं. ते मला कळत होतं. एका मुलीने वाळलेला भोपळा आणला होता, थोडा वाकडा, वर गेरूने काढलेली झाडं. मी म्हटलं, "अगं, जरा नीटनेटकं काही आणायचंस!" आणि पहिला नंबर दिला मखराला. ती मुलगी याच डोंगरातली. काही बोलली नाही, भोपळा दप्तरात घालून जागेवर जाऊन बसली.

पहाटे शेकोटीपाशी बसलेल्या एका आजींना माझ्या मुलाने विचारलं, "आजी, मला असा टोप करता येईल?" त्या हसल्या. म्हणाल्या, "टोप नवसाचा रे बाळा, खेळायचा नाही. भोपळा लाव अंगणात. पाऊस पडला की लाव, पुढच्या होळीपर्यंत वाजेल." एका भोपळ्याला वर्ष लागतं, हे मला तेव्हा कळलं. त्या मुलीने माझ्यापुढे एक वर्ष ठेवलं होतं आणि मी पाहिला तो वाकडेपणा!

तर मैत्रिणींनो, देवाचं ते देवाचंच राहू द्या. पण हात कसे चालवायचे ते आपल्या मुलांना शिकवता येईल.

भोपळा असा करा. पावसाच्या सुरुवातीला दुधी भोपळ्याचं बी लावा. एकदोन फळं भाजीला न तोडता वेलावरच राहू द्या. वेल सुकला की देठासकट काढून हवेशीर जागी टांगा. वरून बुरशीचे डाग पडतील, घाबरू नका. वजन हलकं झालं आणि हलवल्यावर बिया वाजल्या की तयार! ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, मग काथ्याने घासून साल काढा. वाटी किंवा फुलदाणी हवी तर करवतीच्या पात्याने कापा. हे काम मोठ्यांचं, आणि आतली भुकटी नाकात जाते म्हणून तोंडाला रुमाल बांधा. वर गेरू आणि खडूने मुलांना हवं ते काढू द्या. आणि एक घरगुती सूचना: चवीला कडू लागणारा दुधी भाजीत किंवा रसात कधीही घालू नका. विषबाधा होते.

रंगासाठी झाडाखाली पडलेली पळसफुलं वेचा, पाण्यात उकळा, रात्रभर ठेवा आणि गाळा. छान पिवळाकेशरी रंग मिळतो. पुढे पळसाला नवी पानं आली की चोयांनी टाचून पत्रावळी करा. पहिल्या चार फाटतील, फाटू द्या!

पण सगळ्यात अवघड गोष्ट सांगू का? मुलाच्या हातातून वस्तू काढून घेऊन "थांब, मी नीट करून देते" असं न म्हणणं. मला अजून जमत नाही.

सुट्टीनंतर मी त्या मुलीला भोपळा पुन्हा आणायला सांगितलं. वर्गापुढे म्हटलं, "त्या दिवशी चूक माझी झाली." मग तिलाच माझ्या खुर्चीत बसवून सगळं शिकवायला लावलं. पहिली पाच मिनिटं ती भोपळ्याकडेच बघून बोलत होती. नंतर मात्र असं धडाधड सांगायला लागली की तास संपल्याची घंटा कोणाला ऐकूच आली नाही! जाताना तिने मला मूठभर बिया दिल्या.

मागच्या दारी मी त्या लावल्या. आज दोन भोपळे खिडकीत टांगलेत. एक चांगलाच वाकडा आहे. तो आमच्या मुलाचा. वाऱ्याने हलला की वाजतो.