हिमाची हमी

स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ हे गाव सुमारे १८०० मीटर उंचीवर वसले आहे. एके काळी तेथे पाहुणे केवळ उन्हाळ्यात येत; थंडी पडताच हॉटेले ओस पडत. असे सांगतात की, १८६४ साली योहानेस बाद्रुट या हॉटेलमालकाने परत निघालेल्या इंग्रज पाहुण्यांना हिवाळ्यात येण्याचा आग्रह केला आणि मुक्काम न आवडल्यास प्रवासखर्च स्वतः सोसण्याचा शब्द दिला. पाहुणे आले व वसंतापर्यंत रमले. व्यापाऱ्याच्या एका शब्दावर गावाचा हिवाळी हंगाम उभा राहिला. १९०७ मध्ये गोठलेल्या तलावावर घोड्यांच्या शर्यती झाल्या. १९२८ व १९४८ मध्ये हिवाळी ऑलिम्पिकचा मान गावाला लाभला.

आजही तेथे शर्यती व पोलोचे सामने होतात. मात्र त्याआधी तलावावरील बर्फाची जाडी मोजावी लागते. आल्प्समधील हिवाळे आता पूर्वीइतके कडक राहिलेले नाहीत. अनेक उतारांवर साठवलेले पाणी यंत्रांनी फवारून कृत्रिम हिम तयार केले जाते, आणि त्यालाही पुरेशी थंडी लागतेच.

जैन जीवविचारात दव, गारा व हिम यांची गणना अप्कायिक जीवांत होते. म्हणूनच आपल्या घरांत पाणी गाळून आणि जपून वापरण्याचा संस्कार रुजला. या दृष्टीने पाहता हिम ही केवळ करमणुकीची सामग्री उरत नाही.

बाद्रुटने हमी दिली ती खर्चाची, हिमाची नव्हे. ते भांडवल त्याचे कधीच नव्हते. उसन्या भांडवलावर चालणारा व्यापार संयमानेच टिकतो.