कल्ल्याची साक्ष

मासा घेताना आम्ही भिगवणकर आधी कल्ल्याचे झाकण उचलून पाहतो. आत लालभडक दिसले तर भाव विचारायचा, नाहीतर पुढच्या पाटीकडे वळायचे. कटला असो, रोहू असो की गरिबाची चिलापी, परीक्षा एकच.

या कल्ल्याची एक गोष्ट आमच्या दादी-नानी सांगत आल्या. हजरत इब्राहीम यांनी कुर्बानीनंतर सुरी भिरकावली. ती दगडावर आदळली, टोळाला लागली आणि पाण्यात माशाच्या गळ्यावरून फिरली. म्हणून मासा आणि टोळ जबह न करता हलाल, आणि कल्ला ही त्या सुरीची खूण! ही लोककथा आहे, धर्मग्रंथातला दाखला नव्हे. पण तिच्यामुळे कल्ला म्हणजे मरणाची खूण, असे मनात बसले. प्रत्यक्षात मासा जगतो तो याच चिरेतून.

हे आम्हांला कळले ते मुलांच्या हट्टाने घरात काचेची पेटी आली तेव्हा. पंधरवड्यात गोल्डफिश पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. मोहल्ल्यात हकीम पुष्कळ. कुणी निळे औषध सुचवले, कुणी मीठ, तर कुणी नजर उतरवायला सांगितली. मासळीच्या धंद्यात केस पिकलेले एक चाचा मात्र म्हणाले, "औषध मागून. आधी पाणी बघा, मग कल्ला बघा."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मासा कल्ल्यातून नुसता श्वास घेत नाही. अंगातला अमोनियाही तो मुख्यतः तिथूनच बाहेर टाकतो. नव्या पेटीत हा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. तोवर पाणी दिसायला स्वच्छ, पण आत जहर. कल्ले सुजून लालबुंद झाले तर अमोनियाचा संशय घ्यावा. ते तपकिरी पडले तर नायट्राइटचा; त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. मासा दगडाला अंग घासत असेल, एक कल्ला मिटून धरत असेल आणि कल्ल्यावर बुळबुळीत थर असेल, तर परजीवी शोधावेत. कल्ले फिकट असतील तर रक्त कमी झालेले असू शकते. मात्र मेल्यावर थोड्या वेळात कल्ल्याचा रंग उतरतोच, म्हणून सकाळी मेलेल्या माशावरून संध्याकाळी निदान करू नये. आणि सगळेच मासे एकदम धापा टाकू लागले तर दोष बहुधा माशांत नसतो, पाण्यात असतो.

पेटी आणि धरण यांत तसे अंतर थोडे. शोभेच्या पेटीतला सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांतही येतो. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. पण मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांनी वाहून आणलेले पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही भीमेवाटे इथेच येऊन थांबते. त्यावर हिरवे शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू देते, रात्री स्वतःच ओढते. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात धरण वजा पातळीत गेले की घाण अधिक दाट होते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो.

पेटीतले पाणी आम्ही दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे बदलले. उरलेले मासे सावरले. धरणाचे पाणी असे बादलीने बदलता येत नाही. इथे भीमेच्या पाण्याखाली गावे गेली आणि त्याच पाण्यावर अनेकांनी जाळी टाकून पुन्हा संसार उभे केले. त्यांच्यासाठी माशाची धाप म्हणजे घरच्या चुलीची धाप. मासा मेला की रोगाचे नाव विचारले जाते. वर नदीत काय सोडले, हे क्वचितच कुणी विचारते. सोलापूर शहर हेच पाणी शुद्ध करून पिते. माशाला तेवढी सोय नाही. तो आहे तसेच पाणी कल्ल्यातून घेतो, आणि आमच्याआधी साक्ष देऊन जातो.