फसाद

गोंदियात आमच्या लहानपणी ‘फसाद’चा एकच अर्थ होता, दंगल. डिसेंबर १९९२ मध्ये रेडिओवर मुंबईच्या बातम्या लागल्या की अम्मी दाराला कडी घालायची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. मुंबई फार दूर, पण शब्द दारापर्यंत यायचा. फसाद करणारे नेहमी दुसरेच असत.

मग मदरशात सूरह हूद आली. हजरत शुऐब मदयनवाल्यांना सांगतात, माप-तोल पुरा द्या. आणि त्याच दमात, जमिनीवर फसाद माजवू नका. आम्ही गोंधळलो. तराजूत कसली दंगल? मौलवीसाहेब हसले. अरबीत दूध नासले तरी हेच क्रियापद, म्हणाले. इस्लाहच्या उलटे ते फसाद. शाळेच्या पुस्तकातले ‘अधःपतन’ आम्हाला साम्राज्यांचे वाटायचे, उंचावरून पडणाऱ्यांचे. हे तर घरातल्या पातेल्यात होणारे निघाले.

अब्बा एका राईस मिलच्या काट्यावर होते. पोत्यामागे किलोभर धान जास्त घ्यायचा तिथला रिवाज. शेतकऱ्यालाही ठाऊक, पण बैलगाडी परत कोण नेणार?

त्या संध्याकाळी आम्ही भावंडांनी विचारलेच, “अब्बा, आपके काँटे पर तोल पूरा होता है?”

अम्मीचा हात थांबला. अब्बा बराच वेळ ताटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सेठ बोलता है, हम लिखते हैं.” आणि भात कालवू लागले. आम्हीही जेवलो.

नोकरी त्यांनी सोडली नाही. आम्ही पाचही भावंडे त्याच पगारावर शिकलो.