ठरावातील एक शब्द

तुम्ही राहता त्या वस्तीजवळ एखादी बाग, मैदान किंवा नदीकाठची बसण्याची जागा असेल. तेथील बाक, दिवा, मुलांचा झोपाळा या गोष्टी तुम्ही वर्षानुवर्षे वापरल्या असतील. बाक नेमका तेथेच का बसवला, झोपाळा आला पण पिण्याच्या पाण्याचा नळ का आला नाही, हे कोणी, कोठे बसून आणि कोणत्या शब्दांत ठरवले, असा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. मला तो बराच उशिरा पडला, आणि तोही एका धबधब्यामुळे.

पालघर जिल्ह्यात जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर दाभोसा आहे. लेंडी नदी तेथे सुमारे 300 फूट खोल उडी घेते. आषाढ-श्रावणात समोरच्या कड्यावर उभे राहिले, तर शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. केस आणि कपडे तुषारांनी ओले होतात, आणि दरीत धुके आहे की पाण्याचा धूर, हे कळत नाही. मुंबई, ठाणे, नाशिक आणि शेजारच्या सिल्वासा भागातून माणसे येतात. ती का येतात, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठवडा काढलेल्या माणसाला एवढे पाणी एकदम पाहायला मिळणे ही साधी गोष्ट नाही. तेव्हा शहरातून येणाऱ्यांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांत मी नाही.

परंतु येणाऱ्यांची एक यादी असते. गाडी लावायला जागा हवी, कड्याला कठडा हवा, खाली उतरायला पायऱ्या हव्यात, बायकांना कपडे बदलायला आडोसा हवा, स्वच्छतागृह हवे. यादीत चुकीचे काहीच नाही. तुम्ही-आम्ही गेलो तरी हेच मागू. आता याच जागेपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या वारली, कोकणा किंवा महादेव कोळी घरातील बाईची यादी कोणती असेल, याचा विचार करून पाहा. या भागात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. डोंगरउतारावरचे पाणी थांबत नाही. ते दाभोसासारख्या ठिकाणी आपल्याला दिसते आणि पुढे निघून जाते. पर्यटक ज्या पाण्याचे छायाचित्र काढतो, त्याच पाण्याची अनुपस्थिती त्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यात असते. तिच्या यादीत पहिला क्रमांक कठड्याचा नसणार, हे उघड आहे.

दोन याद्या असल्या की कोणाला तरी निवड करावी लागते. शहरात ती कशी होते? जव्हार गावाचेच उदाहरण घेऊ. मुकणे घराण्याच्या संस्थानकाळात, 1918 साली, तेथे नगरपालिका स्थापन झाली. एवढ्या लहान गावाच्या मानाने ही बरीच जुनी संस्था आहे. हनुमान पॉइंट किंवा सनसेट पॉइंटसारख्या ठिकाणी दिवे लावायचे, बाक बसवायचे, तर अंदाजपत्रकात तरतूद, सभेत ठराव, मग निविदा असा मार्ग असतो. नागरिक या मार्गावर कोठे भेटतो? मतदानाच्या दिवशी, आणि नंतर उद्घाटनाच्या दिवशी. मधल्या काळात तो अर्ज करू शकतो, हरकत घेऊ शकतो, ओळखीच्या नगरसेवकाला गाठू शकतो. हात वर करून मत देऊ शकत नाही.

मोठ्या शहरांनी यावर काही उपाय करून पाहिले. पुणे महानगरपालिकेने 2006-07 पासून नागरिकांकडून प्रभागातील लहान कामांच्या सूचना मागवून त्या अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. एक अर्ज भरायचा. पदपथ, बाक, दिवा, बागेतील दुरुस्ती असे काहीतरी सुचवायचे. पद्धत चांगली आहे, परंतु अर्ज भरणाऱ्याला शेजाऱ्याचा अर्ज दिसत नाही, त्यामुळे दोघांत वाद होत नाही आणि समजूतही होत नाही. मुंबईत मोकळी मैदाने आणि उद्याने देखभालीसाठी खासगी संस्थांकडे देण्याच्या धोरणावरून 2016 च्या जानेवारीत केवढा गदारोळ झाला, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. महानगरपालिकेच्या सभागृहाने मंजूर केलेले धोरण नागरिकांच्या विरोधानंतर मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून थांबले. निर्णय बदलला, परंतु त्यासाठी रस्त्यावर यावे लागले. शहरी मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात आली खरी. तुम्ही शहरात राहत असाल, तर तुमच्या क्षेत्रसभेची बैठक शेवटची केव्हा झाली, हे स्वतःलाच विचारा.

दाभोसा मात्र जव्हार नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहे, आणि या एका गोष्टीने चित्र पालटते. ग्रामसभेचे सदस्य व्हायला निवडून यावे लागत नाही. गावच्या मतदारयादीत नाव असले की पुरे. शिवाय जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे 1996 चा पंचायत विस्तार कायदा, ज्याला सगळे ‘पेसा’ म्हणतात, लागू आहे. गावाच्या सामाजिक आणि आर्थिक विकासाच्या योजना पंचायतीने राबवण्यापूर्वी ग्रामसभेने त्यांना मान्यता द्यावी, असे हा कायदा सांगतो. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील 5 टक्के रक्कम थेट या ग्रामपंचायतींकडे येते. तिला ‘अबंध निधी’ असे म्हणतात, आणि ती कशावर खर्च करायची, हे ग्रामसभेने ठरवायचे असते. पायाभूत सुविधा, आरोग्य व शिक्षण यांच्याबरोबर वनपर्यटनासारखी कामेही त्यात बसतात. म्हणजे पुण्यातील नागरिकाला जे अर्ज करून मागावे लागते, ते कागदावर तरी पाड्यावरच्या माणसाच्या हातात आहे.

‘कागदावर तरी’ हे शब्द मी सवयीने लिहिले नाहीत. ग्रामसभेच्या रूढ तारखा पाहा: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. आता या भागाचे वर्ष पाहा. भात आणि नागलीची कापणी झाली, दिवाळी सरली, की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला जातात. भिवंडी, वसई, कल्याणच्या आसपास कोठेतरी. शिमग्याला येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. जानेवारीतील आणि मे महिन्यातील सभांना निम्म्या पाड्याच्या दारांना कुलूप असते. उरतात 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. त्यांपैकी 15 ऑगस्ट हा नेमका सुट्टीचा दिवस, भर पावसाळ्यातला. शाळेच्या वऱ्हांड्यात सभा चालू असते, तेव्हा समोरच्या रस्त्याने धबधबे पाहायला निघालेल्या गाड्यांची रांग जात असते, आणि पाड्यावरचे तरुण सभेत बसण्याऐवजी कणसे भाजून विकण्यासाठी रस्त्याच्या कडेला उभे असतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

जागेच्या मालकीची गोष्टही सोपी नाही. धबधब्याभोवतालची जमीन जेथे वनखात्याची असते, तेथे ग्रामसभेने केवळ ठराव करून काम होत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमिनीवर करता येण्याजोग्या 13 सुविधांची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशनचे दुकान, वीजवाहिनी, लहान तलाव, पिण्याच्या पाण्याची योजना, रस्ता, समाजमंदिर वगैरे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तोडायची नाहीत, ही अट. या यादीत पाण्याची योजना आहे. वाहनतळ आणि कपडे बदलण्याची खोली नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणती यादी होती, ते यावरून कळते. मला ही गोष्ट समाधान देते, हे मी लपवत नाही.

आता या निबंधाच्या मूळ विषयाकडे येतो. तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी रविवारच्या संपर्कसत्राला माझ्याकडे एक विद्यार्थिनी येत असे. अंगणवाडी सेविका, दोन मुलांची आई, याच डोंगराळ भागातील. गावाचे नाव सांगत नाही. तिच्या गावाजवळही एक लहानसा धबधबा आहे. ग्रामसभेपूर्वी बायकांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी कायद्यात तरतूद आहे, आणि त्या गावात ती सभा खरोखर झाली. बायकांनी मागितले ते इतकेच, की ओढ्यावर धुणे धुवायला पाच-सहा पसरट दगड बसवून द्यावेत. पर्यटक उतरतात तेथून वरच्या अंगाला, झाडीच्या आडोशाला. कारण सुट्टीच्या दिवशी खालच्या पाण्यात अनोळखी पुरुषांची गर्दी असते, आणि धुणे घेऊन तेथे जाणे नकोसे होते. मागणी वाजवी होती. सगळ्यांनी मान डोलावली. वहीत नोंद झाली: ‘नदीघाट विकसित करणे व परिसर सुशोभीकरण करणे. सर्वानुमते मंजूर.’

पुढच्या वर्षी काम आले. गाड्या थांबतात तेथे गुळगुळीत फरशीच्या पायऱ्या झाल्या, त्यांना स्टीलचा कठडा बसला, दोन सिमेंटचे बाक आले. पावसात त्या फरशीवर पाय ठरत नाही. धुण्याच्या दगडांचा पत्ता नव्हता. तिने चौकशी केली, तेव्हा तिला वही दाखवण्यात आली. ठराव तुमचाच आहे, बाई, असे उत्तर मिळाले. आणि ते खोटे नव्हते.

तिने हे मला सांगितले, तेव्हा मी वर्गात ‘शब्दशक्ती’ हा घटक शिकवत होतो. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ यांची उदाहरणे मी कवितांतून देत असे. तिच्या ठरावापुढे ती फिकी वाटली. ‘सुशोभीकरण’ हा शब्द घ्या. त्यात ‘शोभा’ आहे. शोभा पाहणाऱ्यासाठी असते. ‘विकसित करणे’ या क्रियापदाला कर्म हवे असते, पण विकसित कशाला म्हणायचे, हे सांगण्याची सक्ती नसते. दगड किती, कोणत्या अंगाला, कोणासाठी, फरशी हवी की नको, हे सारे तपशील बायकांच्या बोलण्यात होते. प्रशासनाच्या मराठीत आले, तेव्हा ते गळून पडले, आणि रिकाम्या झालेल्या त्या शब्दांत कंत्राटदाराला हवे ते भरता आले. ठराव लिहिणाऱ्याने लबाडी केली असेही मी म्हणणार नाही. त्याला असेच लिहायला शिकवलेले असते. धुण्याचे दगड त्याला वहीत लिहिण्याइतके प्रतिष्ठित वाटले नसावेत.

याउलट, कठड्याचा प्रश्न मी हलका मानत नाही. पावसाळ्यात धबधब्यांच्या डोहांत तरुण मुले बुडतात. एखादी दुर्घटना घडली की जमावबंदीचा आदेश निघतो, चार दिवस बंदोबस्त राहतो. अशा वेळी शोधासाठी पाण्यात सर्वांत आधी उतरतात ती बहुधा जवळच्या पाड्यावरची मुले. डोहातील खडक कोठे आहे, भोवरा कोणत्या महिन्यात फिरतो, हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्याजवळ ना दोर असतो, ना हवा भरलेली ट्यूब, ना उतरण्याबद्दलचा मोबदला. सुविधांच्या प्रस्तावांत प्रवेशद्वाराची कमान मी पुष्कळदा पाहिली आहे. पाड्यावरच्या मुलांना द्यायच्या दोराची नोंद एकदाही पाहिली नाही. कठडा जरूर बांधावा. परंतु कोणत्या दगडावरून मुले उडी मारतात, हे अभियंत्याने त्या मुलांना विचारून मग त्याची जागा ठरवावी. स्वच्छतागृह बांधताना त्याला पाणी कोठून येणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, हे त्याच ठरावात लिहावे. कुलूपबंद स्वच्छतागृहे मी इतक्या गावांत पाहिली आहेत, की नवे बांधण्याचा प्रस्ताव वाचला की माझी नजर आधी पाण्याच्या टाकीचा उल्लेख शोधते.

तुमच्यापैकी काही जण ग्रामपंचायतीत नोकरीला असतील, काही बचत गटाच्या सचिव असतील, काही जणांच्या हाती उद्या ही वही येईल. पदवीसाठी तुम्ही सारांशलेखन आणि वृत्तांतलेखन शिकत आहात. त्या पाठांत संक्षेपाला गुण मिळतात. ठरावाच्या वहीत मात्र संक्षेप जपून करावा लागतो.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या सभेत एक गोष्ट केली. सह्या होण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवा, असे ती उभी राहून म्हणाली. वाचून झाल्यावर तिने दोन शब्द खोडायला लावले आणि स्वतः सांगून लिहून घेतले: ‘ओढ्याच्या वरच्या अंगाला, जुन्या जांभळीजवळ, बायकांना धुण्यासाठी सहा दगड बसवणे. फरशी बसवू नये.’ सभेत थोडे हसू झाले. लिहिणाऱ्याने ‘फरशी बसवू नये’ हे ठरावाच्या भाषेत बसत नाही, असेही सुचवून पाहिले. ती बसली नाही. शेवटी ते वाक्य तसेच वहीत गेले आणि त्याखाली बायकांचे अंगठे व सह्या झाल्या. मी तिच्याकडून शेवटचे ऐकले तोवर दगड बसलेले नव्हते. ठरावाची शिक्क्यासह घेतलेली प्रत तिने अंगणवाडीच्या कपाटात, पोषण आहाराच्या नोंदवह्यांखाली ठेवली होती.