चार ओसऱ्यांचं घर

निवृत्तीनंतर माणसाने घर बांधावं का? आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर हा वाद निघाला की मला इटलीतलं 'ला रोतोंदा' आठवतं. लेक-जावयांबरोबर आम्ही दोघं ते बघून आलो. विचेंझा शहराबाहेर एका छोट्या टेकडीवर ते उभं आहे.

पावलो अल्मेरिको हे धर्माधिकारी रोममध्ये पोपच्या दरबारी नोकरी करून गावी परतले. १५६६च्या सुमारास त्यांनी आंद्रेआ पालादिओकडून या घराचा आराखडा करून घेतला. पालादिओ मूळचा दगड घडवणारा कारागीर. त्याने मधोमध घुमटाखाली गोल दिवाणखाना ठेवला आणि चारी बाजूंना अगदी सारख्या ओसऱ्या काढल्या. प्रत्येकीला सहा खांब, पुढे रुंद पायऱ्या. जुन्या रोमन देवळाचं दर्शनी रूप त्याने चक्क राहत्या घराला दिलं! चार ओसऱ्या कशासाठी, तर चहूकडचा देखावा सुंदर आहे म्हणून. हे त्यानेच १५७०च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. शिवाय घराचे कोपरे मुख्य दिशांकडे वळवलेले, म्हणजे प्रत्येक बाजूला थोडं तरी ऊन मिळावं. (आपले वास्तुशास्त्रवाले कपाळाला हात लावतील!)

पण पालादिओ १५८०त गेला. घुमट पुढे स्कामोत्सीने केला, मूळ चित्रापेक्षा बसका. १५८९मध्ये अल्मेरिकोही गेले, आणि दोनच वर्षांत त्यांच्या मुलाने (हो, मुलगा होता!) घर काप्रा बंधूंना विकून टाकलं. राहिलेलं काम काप्रांनी पुरं केलं. मारिओ काप्राने मात्र धडा घेतला असावा. घर पिढ्यान् पिढ्या थोरल्या मुलाकडेच राहील असं त्याने बांधून टाकलं आणि ते ओसऱ्यांवर लॅटिनमध्ये कोरून ठेवलं. अक्षरं अजून वाचता येतात. घर मात्र विसाव्या शतकात वालमाराना घराण्याकडे गेलं.

सध्या आमच्याकडे मृत्युपत्राचा विषय चालू आहे. ह्यांचं म्हणणं, गावचं घर विकायचं नाही अशी अट घालू. मी नको म्हणते. मुलीचा संसार परदेशात. ती अट तिला निभवणार कशी? अल्मेरिकोंच्या मुलाने घर विकलं नसतं तर ते पुरं झालं असतं का, कोण जाणे. ज्याला त्या घरात राहायचंय, त्याच्या हाती ते पडावं, मग तो आपला असो वा परका. हे अजून ऐकत नाहीयेत. पण मी माझ्या मतावर ठाम आहे.