दीड फेरा

बाबांची आरएक्स १००, १९९३ची. ४ वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात उभी. "देऊन टाक भंगारात," इति बाबा. म्हटलं, छे! आणि परवा शनिवारी पाने घेऊन बसलो.

कार्बोरेटर उतरवून खालची वाटी काढली, तर पेट्रोल सुकून मधासारखा चिकट थर. पायलट जेटचं केसाएवढं भोक पार बुजलेलं. तार घालायचा मोह झाला, पण पितळ मऊ. भोक मोठं झालं तर जेट कामातून गेला! म्हणून क्लीनरमध्ये भिजवला, हवा मारली. नवी फ्लोट निडल, नवं गॅस्केट... झालं जोडून.

किक मारली, सुरू झाली! पण रेस सोडली की बंद.

"एअर स्क्रू काढताना फेरे मोजलेस?"

नव्हते मोजले. रोज कोडचा बॅकअप घेणारा मी!

स्ट्रोकनंतर बाबांचा उजवा हात चालत नाही. मी खुर्ची आणून दिली, ते गाडीला खेटून बसले. "अलगद पूर्ण आत घे. आता दीड फेरा बाहेर. गरम होऊ दे." मग डोळे मिटून आवाज ऐकत राहिले. "अजून थोडा... किंचित... बास!"

गाडीने स्लो धरला. भंगाराचा विषय त्यानंतर निघालेला नाही :-)