पडद्यापुढचा माणूस

पोर्ट्रेट काढणाऱ्याला लोक विचारतात, "चेहऱ्यावरचा भाव नेमका कसा टिपता?" भावाचं पुढे बघू. आमचं निम्मं आयुष्य चेहऱ्याच्या मागे काय असावं हे ठरवण्यातच जातं.

काकांच्या स्टुडिओत मी उमेदवारी केली तेव्हा मागच्या भिंतीवर पडदे गुंडाळून टांगलेले असत. एक दोरी सैल केली की ताजमहाल खाली येई, दुसरी सोडली की दल सरोवर आणि शिकारा. आणखी एकावर संगमरवरी जिना होता. तो कुठल्या राजवाड्याचा, हे रंगवणाऱ्यालाही ठाऊक नसावं. ही कला नाटक कंपन्यांकडून आलेली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवले होते, आणि आमच्या भागात ज्याला नाटकाचा पडदा जमे त्यालाच स्टुडिओचाही सांगत. नाटकाचा पडदा लांबून बघायचा, आमचा लेन्समधून. म्हणून काका पडदा किंचित आउट ऑफ फोकस ठेवत, आणि गिऱ्हाइकाची नेमकी तीच तक्रार असे: "ताजमहाल नीट आला नाही हो."

पडद्याशेजारच्या खिळ्याला स्टुडिओचा कोट आणि आधीच गाठ मारलेला टाय लटकत असे. खाली स्वतःचं धोतर, वर आमचा कोट, फोटो कमरेपर्यंत. शेतावरून आलेला माणूस तो कोट चढवून स्टुलावर बसला की आपोआप ताठ होई. याला कुणी फसवणूक म्हणेल, मी म्हणणार नाही. आग्र्याला जाऊन आलो असं त्याला भासवायचं नव्हतं, गावात कुणी त्यावर विश्वासही ठेवला नसता. चांगल्या ठिकाणी, चांगल्या कपड्यांत आपण कसे दिसतो ते त्याला एकदा बघायचं होतं. चेहरा तर त्याचाच होता.

सगळ्यात अवघड काम तसबिरीचं. घरातलं माणूस गेलं की तेराव्याच्या आत कुणीतरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येई. मागच्या रांगेत, दोन खांद्यांच्या फटीत म्हातारीचा नखाएवढा चेहरा. "एवढाच आहे. कधी बसलीच नाही फोटोला." मग त्याची कॉपी निगेटिव्ह करायची, मोठी करायची, शेजारच्याचा खांदा खोडायचा, अर्धा झाकलेला कान पदराने पुरा करायचा. कुंकू ठेवायचं की काढायचं, हे विचारताना काका नजर रजिस्टरमध्ये ठेवत. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवता फिरवता मला त्या कधी न पाहिलेल्या बाईच्या कपाळावरच्या आठ्या पाठ होत. आणि मागे काय ठेवायचं? काही नाही. फिका करडा रंग, कडांना विरत गेलेला. मांडव, वाजंत्री, वऱ्हाड सगळं पुसलं जाई. खाली मात्र पूर्ण नाव येई, पेंटरकडून सुबक अक्षरांत, तारखांसकट. तसबीर बिननावाची करून द्या, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पुढे रंगीत फिल्म आली, पडदे अडगळीत गेले, नंतर कॉम्प्युटरवर स्वित्झर्लंड मागे चिकटवायची टूम आली. मग मोबाइल आला. त्याबद्दल काही लिहीत नाही, सगळ्याच फोटोग्राफरांचं रडून झालंय.

कोरोनाच्या साथीच्या आदल्या वर्षी मुलीकडे फ्लोरिडाला गेलो. अमेरिकेत मूल असलेल्या मराठी आईबापांना ऑरलँडो चुकत नाही. जावयाने डिस्नेच्या एप्कॉटची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. नात राइड्सच्या रांगेत रमली, मी मागच्या अर्ध्या भागात, वर्ल्ड शोकेसमध्ये अडकलो. वॉल्ट डिस्नेच्या मनात एप्कॉट म्हणजे माणसांनी खरोखर राहायचं, उद्याचं शहर होतं. तो १९६६ साली गेला, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलं ते उद्यान. एका तळ्याभोवती जवळजवळ दोन किलोमीटरचा रस्ता आणि त्या रस्त्याला लागून अकरा देश. सुरुवातीला नऊच होते, मोरोक्को १९८४ मध्ये आला आणि नॉर्वे १९८८ मध्ये. आफ्रिकेचं दालन योजलं होतं, ते झालंच नाही. चीन आणि जर्मनीच्या मध्ये त्याच्या जागी पेयांचं एक दुकान आणि काही ढोल आहेत. भारतही नाही. आपल्यासारखं काही बघायचं तर डिस्नेच्याच अॅनिमल किंगडममध्ये आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य उभारलंय, तिथे जावं.

वर्ल्ड शोकेस बघताना मी पर्यटक नव्हतो, पडदेवाला होतो. काय काम केलंय! इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधलेले, खिडक्या वर वर बारीक होत गेलेल्या, म्हणजे खालून बघणाऱ्याला उंची जास्त भासावी. फ्रान्समधला आयफेल टॉवर मूळच्या साधारण दहाव्या हिश्शाचा. घरांच्या छपरांमागून डोकावताना तो पॅरिसमध्ये कुठेतरी लांब उभा असल्यासारखा वाटतो. चीनमधलं बीजिंगच्या स्वर्गमंदिराचं सभागृह निम्म्या आकाराचं. अमेरिकेच्या दालनात तर हीच युक्ती उलटी वापरली आहे: पाच मजल्यांएवढी उंच इमारत खिडक्या-दारं मोठी करून अडीच मजल्यांची भासवली आहे, कारण जुन्या वसाहतींच्या काळात अमेरिकेत उंच इमारती नव्हत्या. आमच्या जिन्याचा पडदा रंगवणारा पेंटर हे बघायला असता, तर त्याने भिंतीवर नख मारून बघितलं असतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, पण हे सगळं खोटं आहे ना." मी तिला आयफेल टॉवरचंच उदाहरण दिलं. खरा टॉवरसुद्धा १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठीच उभारलेला, आणि वीस वर्षांनी उतरवायचं असं ठरलेलं. म्हणजे एका प्रदर्शनातला देखावा दुसऱ्या प्रदर्शनात आलाय, एवढंच. पण त्याच १८८९ च्या प्रदर्शनात फ्रेंचांनी आपल्या वसाहतींमधली माणसंही आणून बसवली होती, खोट्या गावांत, लोकांनी बघावीत म्हणून. १८९३ मध्ये शिकागोच्या जत्रेतही तसलीच गावं होती. मला खटकायला लागतं ते तिथे. भिंत खोटी असली तर चालेल. तिच्यापुढे उभा केलेला माणूस कोण, हे कुणी विचारतं का?

आपल्या धंद्याचा इतिहासही याबाबत धुतल्या तांदळासारखा नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत मुंबईतल्या जातीजमातींचं पुस्तक छापलं. माणसांचे फोटो एका निगेटिव्हवर, मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरून आणून जोडलेला. सांधे हुडकायला भिंग लागतं. कारागीर म्हणून मी त्याला सलाम करतो. पण फोटोखाली जात आहे, माणूस नाही. पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. शेकडो चेहरे, आणि बहुतेकांखाली जमातीचं नाव आणि स्वभावाबद्दल सरकारी शेरा. आमच्या म्हातारीच्या तसबिरीत सगळं पुसून नाव ठेवलं होतं. इथे पागोट्याच्या घडीपर्यंत सगळं ठेवून नाव पुसलेलं.

याच्या दुसऱ्या टोकाला मला आयर्व्हिंग पेन दिसतो. फॅशनच्या मासिकांत नाव कमावलेला हा अमेरिकन फोटोग्राफर १९४८ च्या डिसेंबरात पेरूमधल्या कुस्को गावी गेला होता. तिथल्या स्थानिक फोटोग्राफरचा स्टुडिओ त्याने भाड्याने घेतला, त्या गृहस्थाला नाताळाच्या सुट्टीवर पाठवलं, आणि दारात येणाऱ्या डोंगरातल्या लोकांचे फोटो काढत बसला. लोक नेहमीच्या फोटोवाल्याकडे आलेले. त्यांनी पैसे द्यायचे, तर पेनच त्यांना पैसे देत होता. मागे तोच गावातल्या स्टुडिओचा जुना रंगवलेला पडदा, फरशी दगडी, उजेड एका बाजूने. पुढे तो आफ्रिकेत, न्यू गिनीत, नेपाळात, मोरोक्कोत स्वतःचा तंबूच घेऊन गेला. आत साधा पडदा आणि उत्तरेचा उजेड, बस्स. या सगळ्याचं पुस्तक १९७४ मध्ये आलं. त्यातही माणसांची नावं जवळजवळ नाहीत, आणि ते मला सलतं. पण त्यातली माणसं कॅमेऱ्याकडे बरोबरीने बघतात. कुस्कोतली दोन लहान भावंडं स्टुलाच्या दोन बाजूंना टेकून हातात हात घालून उभी आहेत, मोठ्या माणसांच्या तोऱ्यात. असा तोरा फोटोग्राफरला शिकवता येत नाही, त्याची वाट बघावी लागते.

एप्कॉटमध्ये जागोजागी पाट्या होत्या: इथे उभे राहा, फोटो चांगला येईल. पूर्वी त्या कोडॅकच्या असत. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, मी गेलो तेव्हा पाट्यांवर निकॉन होतं. पाटीवाल्याने जागा इमारतीच्या सोयीने निवडलेली. माणसाची सोय कोण बघतो? वर्ल्ड शोकेस उघडतं साधारण अकराला, म्हणजे सूर्य चढत्या चढत्या डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. जो तो त्या पाटीपाशी उभं राहून डोळे बारीक करत हसत होता. मी उजेड शोधत शोधत मोरोक्कोत शिरलो.

ते दालन मला सगळ्यात आवडलं. राजे दुसरे हसन यांनी त्याच्या कामासाठी मोरोक्कोतून कारागीर पाठवले होते. पुढे माराकेशच्या कुतुबिया मिनाराची प्रतिकृती, आणि आत शिरायला फेझ शहरातला बाब बुजलूद दरवाजा. त्यातून गेलं की गल्ली अरुंद होते, ऊन वरच अडकतं, आणि समोरच्या फिक्या भिंतीवरून उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. पोर्ट्रेटवाल्याला याहून काय हवं? तिथे दुकानापाशी एक तरुण उभा होता. दालनांतल्या मुलामुलींच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावर नाव आणि गाव. याच्या बिल्ल्यावर फेझ होतं. स्वतःच्या गावच्या दरवाज्याच्या नकलेआड पोरगा दिवसभर उभा!

मुलीला दुभाषी करून मी त्याला फोटोचं विचारलं. तो लगेच हसला, गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं हसू. मी कॅमेरा खाली घेतला आणि विचारलं, घर खऱ्या दरवाज्यापासून किती लांब? तो बोलायला लागला. खऱ्या दरवाज्याखाली असं निवांत उभंच राहता येत नाही म्हणाला, हातगाड्या, गाढवं, "बाजूला व्हा" म्हणून ओरडणारे हमाल. आई अजून रोज त्याखालून भाजी आणायला जाते. बोलता बोलता त्याची हनुवटी खाली आली, खांदे सैल झाले. त्याला अर्धं पाऊल भिंतीकडे सरकवलं, नातीच्या हातातला पांढरा नकाशा उलगडून खालून उजेड दिला. बटण दाबणार तोच "थांबा" म्हणाला, आणि त्याने बिल्ला सरळ केला. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. आईला फोटो आवडला पण तू वाळलास म्हणाली, असं त्याने कळवलं. आया सगळीकडच्या सारख्याच.

ही मुलं परदेशातून वर्षभराच्या कामावर येतात, बहुतेक क्यू-१ नावाच्या व्हिसावर. सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी असलेल्या त्या व्हिसाची मुदत जास्तीत जास्त पंधरा महिने. पगार मिळतो, परतीची वाट मोकळी असते. १८८९ च्या खोट्या गावांतली माणसं आणि ही मुलं यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल. तरी त्यांना इथे काम मिळतं ते त्यांच्या देशामुळेच, आणि समोरून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती देखाव्याचाच भाग वाटतात. लोक त्यांच्या खांद्यावरून मिनाराचा फोटो काढतात. मी बघितलंय, मिनार नीट यावा म्हणून एकाने त्या पोराला हाताने खूण करून बाजूला व्हायला सांगितलं.

डिस्नेचाही कल भिंतींकडे आणि कार्टूनकडे झुकतो आहे, असं माझं मत. नॉर्वेच्या दालनात मेलस्ट्रॉम नावाची, त्या देशाच्या दंतकथांतून आणि समुद्रातून नेणारी नावेची फेरी होती. ती २०१४ मध्ये बंद झाली आणि २०१६ पासून तिथे 'फ्रोझन' सिनेमातलं काल्पनिक राज्य आहे. नातीला अर्थात तेच सगळ्यात आवडलं, रांगही तिथेच सर्वांत लांब होती. पण खऱ्या देशाच्या जागेवर खोटा देश बसवायचा, तर मग ते बिल्ल्यावरचं गाव कशाला?

२०२० च्या साथीत हा परदेशी मुलांचा उपक्रम थांबला. उद्यान काही महिन्यांत उघडलं, पण दालनांत त्या त्या देशाची मुलं नव्हती. ती २०२२ मध्ये परत येऊ लागली. मधल्या काळात मिनार होता, पॅगोडा होता, आयफेल टॉवर होता, सगळे पडदे जागच्या जागी.

तुमचीही मुलं तुम्हाला कधीतरी तिथे नेतील. जरूर जा, सोयीचे बूट घाला, उन्हं कलल्यावर उजेड सुधारतो. इमारतींचे फोटो काढण्यात वेळ घालवू नका, ते तुमच्यापेक्षा चांगले कुणीतरी काढून ठेवलेत. एखाद्या दालनात उभ्या असलेल्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या बिल्ल्यावरचं नाव आणि गाव वाचा, त्या गावाबद्दल काहीतरी विचारा, आणि मग विचारून फोटो काढा. फोटो त्यांना पाठवायला विसरू नका.